नऊ नंबरची खोली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गाणगापूर, ता. २४ जानेवारी

चि. मंजुश्रीस राजूबाई आत्याचे आशीर्वाद.

इकडं समदं ठीक हाय. तिकडं ठीक न्हाई हे मला कळलंय, म्हणून हे पत्र.

सिद्धप्पा कंडक्टरनं काल रिकामा डबा आणून दिला आन् डब्यासंगं एक बातमी बी दिली. तू त्याला विचारलंस म्हणं, की शुक्रवारच्या गाडीत माझी ट्रंक बसंल का, आन् आत्याला सांगू नका. शहाणे, सांगू नका म्हणायला तुला सिद्धप्पाच भेटला व्हय. त्यानं स्टँड यायच्या आत अर्ध्या गाडीला सांगितलं. मला सगळ्यांच्या शेवटी कळलं, याचाच राग जास्त हाय.

तू कामून यायलीस? आपल्या लॉजवर माणूस पाहिजे, हे खरं हाय. भीमण्णाला कुठली किल्ली कुठल्या खिळ्यावर हे अजून कळंना. यात्रेकरूंचं मराठी त्याला समजत न्हाई आन् त्याचं कन्नड त्यांना समजत न्हाई, मग दोघं बी माझ्याकडं बघत बसतात. तू आलीस तर माझे निम्मे हाल कमी होतील. पण तुला मी त्यासाठी कलबुर्गीला ठेवलं न्हाई. रक्त तपासायचं शिकायचं हे तूच म्हणाली होतीस. या गावात कुणाला ताप आला की रक्ताची बाटली अफजलपूरला जाते आन् माणूस इथं ओसरीवर बसून वाट बघतो, हे बी तुझंच बोलणं.

पूर्वपरीक्षेत काय झालंय ते खरं खरं लिव्ह आन् पेपर बी पाठव, लाल शाईसकट. तुमच्या वसतिगृहात परीक्षा होईस्तोवर मोबाईल जमा करून घेतलेत ते एका अर्थी बरं झालं. फोनवर तू रडतीस, मला राग येतो, आन् बोलायचं राहूनच जातं. कागदावर माणूस वाक्य तरी पुरं करतंय.

डब्यात शेंगाची पोळी हाय. मैत्रिणींना दे, पण आधी तू खा. आत्याचा जीव हाय तुझ्यावर, तो ओरडण्यातून दिसत न्हाई इतकंच.

तुझी आत्या

*

कलबुर्गी, ता. २८ जानेवारी

ती. आत्यास मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

पोळी पोचली. तुझं पत्र आधी वाचलं, मग पोळी खाल्ली, त्यामुळे तिची चव नीट कळली नाही.

आत्या, रसायनात सत्तरपैकी सोळा पडले. बाकीच्या विषयांत पास आहे. पेपर सोबत ठेवलाय, पण त्यातलं तुला काही कळणार नाही म्हणून थोडं सांगते. कुठलीही वस्तू घे, लोखंड असो की मीठ, ती अणूंची बनलेली असते. अणूच्या मधोमध एक गाभा असतो आणि त्याच्या भोवती इलेक्ट्रॉन असतात. ते कुठेही राहत नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. आम्ही कागदावर त्या जागांच्या चौकटी काढतो आणि इलेक्ट्रॉनसाठी बाण. एका चौकटीत जास्तीत जास्त दोन बाण. कुठल्या अणूचे इलेक्ट्रॉन कुठे बसलेत हे मांडता आलं की पुढचं सगळं येतं. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. माझं तेच चुकतंय.

सावित्रम्मा मॅडम म्हणाल्या की चूक अकरा ठिकाणी आहे पण चूक एकच आहे. सारख्या चौकटींची रांग असली की आधी प्रत्येकीत एकेक बाण घालायचा, आणि सगळ्यांत एकेक झाला की मगच दुसरा. मी पहिल्या चौकटीत दोन घालते, ती भरली की दुसरीकडे जाते. नियम मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण पेन हातात घेतलं की हात दोन-दोनच भरतो. मॅडमनी सगळ्या वर्गासमोर विचारलं की हे असलं तुला शिकवलं कुणी.

चार मार्चला पेपर आहे. अप्पांनी गावाकडून, कोहिनूरहून, निरोप पाठवलाय की रसायन राहिलं तर आणखी एक वर्ष वाया घालवायचं नाही. आणि आत्या, मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. किल्ल्या देणं मला येतं. जे येतं ते करावं. शुक्रवारी नाही, पण पुढच्या शुक्रवारी येऊ का, तेवढं कळव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी मंजू

*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गाणगापूर, ता. ३१ जानेवारी

चि. मंजुश्रीस आत्याचे आशीर्वाद.

येऊ नको. हे पहिलं. आता बाकीचं ऐक, मी लई घाईत लिहायलेय, हात थांबंना.

तुझा पेपर काउंटरवर पसरून बसले. इंग्रजी मला कुठलं यायलंय, मी चौथी शिकलेली. पण चौकटी दिसल्या. एका रांगेत पाच चौकटी, त्यात बाण. पहिलीत दोन, दुसरीत दोन, तिसरीत एक, आन् पुढच्या दोन रिकाम्या. त्यावर मॅडमची लाल फुली. मी मान वर केली तर समोर भिंतीवर आपला किल्ल्यांचा फळा. वरच्या मजल्याच्या खोल्या, चार नंबर ते आठ नंबर, एका रांगेत पाच खिळे.

मंजू, तुला हे मी शिकवलंय.

तू शिकायला माझ्याकडं आलीस तवा नऊ वर्षांची होतीस. तवापासून किल्ल्या तूच द्यायचीस. आन् मी काय सांगायची? एकटा माणूस आला की त्याला उघडलेल्या खोलीत घाल. चार नंबरमधे दोघं झाल्याबिगर पाचची किल्ली काढायची न्हाई. कामून, तर खोली उघडली की एक बादली पाणी, दोन चादरी, एक झाडणं. दोन खोल्या उघडल्या की दुप्पट. एकदा तू सोलापूरच्या म्हाताऱ्याला वेगळी खोली दिलीस म्हणून मी तुझ्या हातातली किल्ली काढून घेतली होती, तुला आठवत असंल. मला आज आठवलं. आठ वर्षं तू माझ्या फळ्यावरून माणसं भरलीस, आता तुझा हात कागदावर बी तसंच भरायलाय. यात डोक्याचा दोष कुठं हाय?

मॅडमला सांग की शिकवलं कुणी ते कळलं. गाणगापूरच्या लॉजवाल्या राजूबाईनं. त्यांना माझ्यावर काय ओरडायचं ते ओरडू दे, मला फरक पडत न्हाई.

मला भीमण्णा म्हणाला, अक्का, पोरीच्या पेपराला तुमी कामून इतक्या हरखलाव? मी म्हणाले, अरे खोड सापडली. खोड सापडली की ती मोडता येते. ढ असणं मोडता येत न्हाई.

आता तू एक काम कर. त्या इलेक्ट्रॉनचं समदं मला लिव्ह, मी यात्रेकरू हाय असं समजून. कोण आधी, कोण नंतर, दोघं एका खोलीत कसे राहतात, वरच्या मजल्यावर कोण जातं. आन् ते एकेकटे का बसतात हे बी सांग. त्यांना झाडायला कोण हाय तिथं? मला कळलं तर तुला कळलं असं समजायचं. मला न्हाई कळलं तर परत लिव्हायचं.

पुढच्या शुक्रवारी तुझी ट्रंक न्हाई, तुझं पत्र यायला पाहिजे. तोवर वाटेकडं डोळे लावून बसलेली,

आत्या

*

कलबुर्गी, ता. ५ फेब्रुवारी

ती. आत्यास मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, बावीस वर्षं शिकवतेय पण चुकीचं मूळ असं किल्ल्यांच्या फळ्यावर कधी सापडलं नव्हतं. तुला नमस्कार सांगितलाय.

आता ऐक. अणू म्हणजे आपलं लॉजच धर. खालच्या मजल्यावर जागा असताना कुणी वर जात नाही, कारण वर चढायला ताकद लागते. हा पहिला नियम. पण यात एक गंमत आहे. आपली नऊ नंबरची खोली बघ. तू आणि मामांनी ती मागाहून बांधलीत म्हणून नंबर शेवटचा, पण आहे जिन्याच्या वळणावर, अर्ध्याच चढणीवर. म्हणून चार ते आठच्या आधी माणसं तीच मागतात. अणूतही अगदी अशी एक जागा आहे. नंबरानं ती वरची, पण चढण कमी, म्हणून पाचांच्या रांगेआधी ती भरते. हे मी दोन वर्षं घोकत होते, आत्या, आणि नऊ नंबर आठवल्यावर एका मिनिटात बसलं.

दुसरा नियम, एका खोलीत दोघंच, आणि दोघांचं तोंड उलट. एक बाण वर, एक खाली. तू दोन अनोळखी माणसांना एका खोलीत घातलंस की एकाचं डोकं खिडकीकडे आणि दुसऱ्याचं दाराकडे करायला लावतेस, तसं. तिसऱ्याला तिथे जागाच नाही, कितीही गर्दी असो.

तिसरा नियम तो, ज्यानं मला बुडवलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. सारख्या खोल्या मोकळ्या असतील तर ते आधी एकेकटे राहतात, कारण एका खोलीत दोघांनी राहायचं तर खर्च पडतो. पैशाचा नाही, ताकदीचा. झाडायला तिथे कुणी नाही, म्हणून कुणाला तुझ्यासारखी चादरींची काळजी नाही.

आणि एकटे किती राहिले ते का विचारतात, तर एकट्या इलेक्ट्रॉनमुळे तो पदार्थ लोहचुंबकाकडे ओढला जातो. जोडीतले दोघं एकमेकांची ओढ मिटवून टाकतात.

एक राहिलं. इलेक्ट्रॉनला उष्णता दिली की तो वरच्या मजल्यावर उडी मारतो, पण तिथे टिकत नाही. खाली येतो, आणि येताना घेतलेली ताकद उजेड म्हणून टाकून देतो. मिठातल्या सोडियमचा उजेड पिवळा असतो. खोटं वाटलं तर गॅसवर चिमूटभर मीठ टाकून बघ.

मी रोज सकाळी वहीवर आपला फळा काढते आणि माणसं भरते. कालपर्यंत दहातल्या चारदा हात जुन्या वळणावर गेला. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, ट्रंक कॉटखाली आहे.

असंच ओरडत राहा, बरं वाटतं.

तुझी मंजू

*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गाणगापूर, ता. १६ फेब्रुवारी

चि. मंजुश्रीस आत्याचे आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, गुरुप्रतिपदेची गर्दी होती. पण गर्दीत मी बसून न्हवते. तुझा अभ्यास करायलते.

आधी मिठाचं. मी चिमूट टाकली आन् निळ्या जाळाचा पिवळा भडका झाला. भाताचं पाणी उतू गेलं की जाळ पिवळा होतो हे मी तीस वर्षं बघायलेय आन् कधी विचारलं न्हाई की कामून. मी परत टाकलं. परत पिवळा. चौथ्यांदा टाकलं तवा भीमण्णा दारात येऊन विचारायलाय, अक्का, कुणाची दृष्ट काढायलाव? मी म्हणाले, इलेक्ट्रॉनची. तो बाहेर गेला आन् नागव्वाला सांगितलं की अक्कांना दोन दिवस काम देऊ नका. नागव्वा भांडी टाकून मला बघायला आली.

आता लॉजचं. प्रतिपदेच्या आदल्या दिवशी मी ठरवलं की यंदा माणसं तुझ्या नियमानं भरायची. भीमण्णा म्हणाला, पाच खोल्या झाडणार कोण. मी म्हणाले, तू. खालच्या तीन खोल्या भरल्यावर सगळ्यात आधी पुण्याचे नवरा-बायको आले, त्यांनी आपणहून नऊ नंबर मागितली. चढण कमी. मला हसू आलं, त्यांना वाटलं मी त्यांना हसायलेय. मग स्टेशनवरून एकेकटे पाच पुरुष आले. चार, पाच, सहा, सात, आठ. एकेकाला एकेक. दुपारपर्यंत लॉजवर इतकी शांतता की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एरवी प्रतिपदेला माझा घसा बसतो.

भांडण कवा झालं सांगू? सहावा माणूस आला तवा. त्याला चार नंबरमधे घालायला गेले तर आतला म्हणतो, मी आधी आलोय. मी म्हणाले, आता रांगेत रिकामी न्हाई, आता जोडी लावावीच लागते, हा नियम मोठमोठ्या पुस्तकात हाय. त्याची समजूत काढायला माझी जी ताकद गेली, तोच तुझा खर्च. मला पटलं. मग एकाचं डोकं खिडकीकडं केलं, एकाचं दाराकडं, आन् दोघं गप झाले.

तू लिहिलंस की एकट्यालाच ओढ असते. ते मला मॅडमनी शिकवायला नको. आमचे मालक, तुझे मामा, गेल्यापासून मला ते ठाऊक हाय.

पण एक गोष्ट बघितली ती तुला विचारायची हाय. दुसऱ्या दिवशी माणसं जायला लागली तवा सगळ्यात आधी नऊ नंबर रिकामी झाली. पाचांच्या रांगेतलं कुणी हललं न्हाई. मी म्हणाले, ही खोली भरते बी आधी आन् रिकामी होते बी आधी. रस्त्याच्या अंगाला हाय, तिथून स्टँडवरचा हॉर्न ऐकू येतो, म्हणून असंल. तुझ्या अणूत बी असंच हाय का? का तिथं जो शेवटी चढला तोच आधी उतरतो? मॅडमला विचार. तेच डोक्यात घोळायलंय.

आणखी एक. बार्शीचे एक रिटायर गुरुजी सहा नंबरमधे होते. सांजेपर्यंत कुणी जोडीला आलं न्हाई. जाताना मला म्हणाले, बाई, बारा वर्षं येतोय, यंदा पहिल्यांदा मी माझ्या हातानं आतून कडी लावली. नंतर जिना चढताना वळणावरच्या पायरीपाशी उभी राहिले. तिथं तुझी वही ठेवायचा कोनाडा हाय. आठ वर्षं तू त्या पायरीवर बसून अभ्यास केलास, आन् वर-खाली जाणारा प्रत्येक माणूस तुला म्हणायचा, बाळा, जरा सरक.

असू दे. तो विषय पेपरनंतर.

वहीवर हात किती चुकायलाय ते आकड्यात कळव. खाणं टाळू नको, आन् या खडूस बाईची आठवण बी टाळू नको.

आत्या

*

कलबुर्गी, ता. ४ मार्च

ती. आत्यास मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

आत्ता पेपर देऊन आले, चप्पलही काढली नाही. सिद्धप्पामामा पाचच्या गाडीला आहेत, त्यांच्याकडे हे द्यायचं आहे. पत्र उघडायचं नाही अशी शपथ घातली आहे. त्यांनी वाटेत उघडलं असेल तर, मामा, तुम्हालाही नमस्कार.

नऊ नंबरचं तू विचारलंस ते मी मॅडमना विचारलं. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, अगदी हेच. अणूतून इलेक्ट्रॉन जायला लागले की त्या जागेतले आधी जातात, कारण भरताना तिची चढण कमी असली तरी ती सगळ्यात बाहेरच्या अंगाला आहे. शेवटी चढला तो आधी उतरला, असं लिहून निम्मा वर्ग दरवर्षी गुण घालवतो. मीही तेच लिहिलं असतं.

आणि तेच आलं. मँगनीजचे दोन इलेक्ट्रॉन गेले तर एकटे किती उरतात, कारण द्या. मँगनीजचं लॉज असं, की नऊ नंबरमधे दोघं आणि पाचांच्या रांगेत एकेक. हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी आत्या, हातानं पहिल्या चौकटीत दोन बाण काढलेच. शाईनं. मी पेन खाली ठेवलं. तू भीमण्णावर ओरडतेस तो आवाज कानात आला, पाच खोल्या झाडणार कोण, तू. मी ती चौकट खोडली, खाली नवी रांग काढली. नऊ नंबरमधले दोघं बाहेर काढले, मग चार, पाच, सहा, सात, आठ. एकेकाला एकेक. एकटे पाच. पूर्वपरीक्षेत याच प्रश्नाला मी एक लिहिलं होतं.

बाकीचा पेपर बरा गेला, पण बरा म्हणजे किती ते मी मोजणार नाही. अप्पा उद्या न्यायला येणार आहेत, निकालापर्यंत कोहिनूरलाच राहीन. भीती वाटतेय, पण जानेवारीतली नाही. तेव्हा मला माहीतच नव्हतं कुठे चुकते. आता चुकलं असेल तर कुठे चुकलं ते मी बोट ठेवून सांगू शकते.

तुझ्या पाया पडायला यायचंच आहे, तोवर लांबूनच पदर धरते.

तुझी मंजू

*

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गाणगापूर, ता. ११ एप्रिल

चि. मंजुश्रीस आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

परवा तू कोहिनूरहून फोनवर सांगितलंस, रसायनात सत्तरपैकी एकावन्न. मी पलीकडं गप बसले आन् तू हॅलो हॅलो करत राहिलीस. रेंज गेली न्हवती. तू फोनवर करतीस तेच मी करायलते. हे कुणाला सांगू नको, सिद्धप्पाला तर मुळीच न्हाई.

तुझ्या अप्पाचा, उद्धवदादाचा बी फोन आला. म्हणाला, पोरीनं माझं तोंड बंद केलं, आता कलबुर्गीला ती रक्त तपासायची शाळा कुठं हाय ते बघतो. मी म्हणाले, तू बघू नको, तिनं बघून ठेवलीय. मग त्यानं मला विचारलं, राजू, हे इलेक्ट्रॉन म्हणजे काय असतंय. मी त्याला अर्धा तास सांगितलं. शेवटी तो म्हणाला, ते नेमके असतात कुठं, दाखव. मी म्हणाले, नेमकं कुणालाच सांगता येत न्हाई. यात्रेकरू किल्ली घेऊन गेला की तो खोलीत असंल, संगमावर असंल, देवळात असंल. खोली त्याची, इतकंच आपल्याला ठाऊक. हे मी माझ्या मनानं सांगितलं. चुकलं असंल तर मॅडमला विचारून कळव.

आता पेपरनंतरचा विषय.

पाकिटात चिंधीत गुंडाळलेली वस्तू हाय ती बघितली असशील. ती नऊ नंबरची किल्ली. फळ्यावरचा तिचा खिळा मी काढून टाकलाय, म्हणजे भीमण्णा चुकून कुणाला देणार न्हाई. चुना मारून घेतला, खिडकीपाशी टेबल ठेवलं, आन् आतून कडी नवी बसवली. लावून बघितली, नीट बसते.

मी आठ वर्षं यात्रेकरूंचा विचार केला, चादरींचा केला, पाण्याचा केला. वर पाच खोल्या एका रांगेत रिकाम्या असायच्या आन् तू माझ्याच खोलीत, माझ्या पायांकडं डोकं करून. आन् दिवसा पायरीवर. कागदावरची तुझी चूक मला एका बैठकीत दिसली, माझी मला इतकी वर्षं दिसली न्हाई.

या खोलीचा नियम आपल्या दोघींना बी पाठ हाय. आधी भरते, आधी रिकामी होते. जूनमधे तू जाशील, शिकशील, पुढं कुठं नोकरी लागंल तिकडं जाशील. जा. मी हॉर्न ऐकून खिडकीत येणार न्हाई, मला कामं असतात. पण किल्ली संगंच ने, परत करायची न्हाई. कुणी विचारलं तर मी सांगीन, नऊ नंबर भरलेली हाय.

कोहिनूरला फार दिवस काढू नको. यायच्या गाडीत या बारीला ट्रंक आण, मीच तुला सांगायलेय. इथं एक बाई एकटी हाय आन् तिला ओढ हाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आत्या